आधी काडी, मग कलम: दिंडोरीच्या बांधावरचा खोबऱ्या आंबा

दिंडोरीहून पश्चिमेला निघालं की द्राक्षाचे मांडव विरळ होत जातात आणि भाताची खाचरं सुरू होतात. त्या पट्ट्यातल्या एका सामाईक बांधावर हा गावरान आंबा उभा आहे. घरचे त्याला खोबऱ्या म्हणतात. कोणी लावला, कधी लावला, कोणालाच ठाऊक नाही. थोरल्या आप्पांच्या आजोबांचं खळं याच झाडाखाली असायचं, इथपर्यंतच आठवण पोचते. खोड दोन माणसांच्या कवेत येत नाही.

फळ दिसायला साधं. मध्यम आकार, साल जाड, पिकलं तरी देठाकडे हिरवं राहतं. गंमत आत आहे. पाडाचं फळ विळीवर चिरलं की फोड सरळ उभी राहते, गर फिक्कट, पांढऱ्याकडे झुकणारा, आणि दाताखाली कचकन तुटतो. रेषा जवळपास नाहीच. रसाला मात्र हा आंबा निकामी. पिळून पिळून हात दुखतील आणि वाटी भरणार नाही. म्हणून या घरात तो फोडी करूनच खातात, अर्धा कच्चा असताना तिखट-मीठ लावून आणि अढीत पिकल्यावर नुसता. शिवाय तो येतो उशिरा, मृगाच्या आगेमागे, बाजारातला हापूस संपत आल्यावर. घरातल्या वहिनींचं म्हणणं, रस खाऊन कंटाळा आला की खोबऱ्या.

प्रश्न उभा राहिला तो वाटणीनंतर. बांधाच्या एका अंगाला आप्पांचं भात-नागलीचं रान, दुसऱ्या अंगाला धाकट्या भावानं, तात्यांनी, लावलेली द्राक्षबाग. झाडाची सगळ्यात मोठी फांदी बागेवर झुकलेली. सावलीतल्या ओळींमध्ये काडी नीट पिकत नाही, घड कमी सुटतात आणि भुरी या बुरशीला आमंत्रण मिळतं, हे द्राक्षवाल्याला सांगावं लागत नाही. तात्यांची तक्रार खोटी नव्हती. त्यातच वखारवाला येऊन खोडाला टेप लावून गेला. आंब्याच्या लाकडाला खोक्यांसाठी गिऱ्हाईक असतंच.

कायद्याचा आधार किती होता, तेही सांगायला हवं. राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आंबा आहे, म्हणजे मालकीच्या रानातला आंबा पाडायलाही परवानगी लागते. पण परवानगी लागते याचा अर्थ ती मिळत नाही असा नव्हे. पन्नास वर्षांवरच्या झाडाला ‘हेरिटेज वृक्ष’ म्हणून संरक्षण देणारी २०२१ ची दुरुस्ती आहे ती नागरी क्षेत्राच्या कायद्यात. दिंडोरीच्या बांधाला तिचा उपयोग नाही. तेव्हा झाड वाचवायचं असेल तर भावाभावांत जमायला हवं होतं, आणि झाड जरी गेलं तरी वाण राहावा याची तजवीज वेगळी करायला हवी होती. आम्हाला बोलावलं ते या दुसऱ्या कामासाठी.

आमच्या आधी दोन प्रयत्न होऊन गेले होते, आणि त्यांतच या प्रकरणाचं सगळं मर्म आहे.

पहिला प्रयत्न आप्पांचा. “कोय लावली की झालं,” या हिशेबानं त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी खोबऱ्याच्या दोन कोयी विहिरीजवळ लावल्या. झाडं जोमदार आली. एकाला पुढे आंबट ढाण फळं लागली, दुसऱ्याला चोखून खायची रेषाळ. खोबऱ्याचा मागमूस दोन्हींत नाही. यात नवल काही नाही. आपल्याकडचे बहुतेक आंबे एकगर्भी असतात, म्हणजे कोयीत एकच गर्भ आणि तो परागीकरणातून तयार झालेला. मोहोरावर माश्या फिरतात, बाप कोण ते झाडालाही माहीत नसतं. केरळ-किनाऱ्याकडचे काही आंबे बहुगर्भी आहेत, त्यांच्या कोयीतून आईसारखीच रोपं निघतात. नाशिकच्या गावरान आंब्याकडून ती अपेक्षा ठेवू नये.

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांचं मोठं काम उभं केलं, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या कामामुळे आमच्या भागातही लोक विचारतात की आंब्याचंही बी जपून ठेवता येणार नाही का? वाल, नागली, भाताचं बी वाळवून डब्यात ठेवता येतं. आंब्याची कोय वाळली की मेली. काढल्यापासून महिनाभराच्या आत मातीत गेली पाहिजे. आणि गेली तरी ती वेगळंच झाड देणार. आंब्याचा वाण जपायचा म्हणजे त्याच झाडाचा जिवंत तुकडा दुसऱ्या मुळांवर चढवायचा. दुसरी वाट नाही.

दुसरा प्रयत्न म्हणूनच कलमाचा होता, आणि तो नाशिककरालाच सुचावा असा. आपल्याकडे कलम भरणाऱ्या हातांना तोटा नाही. आधी डॉगरीज जातीचे खुंट, म्हणजे मुळांपुरती रोपं, लावायचे आणि पावसाळा सरता सरता खुंटाच्या चिरेत हव्या वाणाच्या काडीची पाचर बसवून पाचर कलम भरायचं, ही पद्धत इथल्या द्राक्षपट्ट्यात रुळलेली. टोळ्याच्या टोळ्या हेच काम करतात. तात्यांच्या बागेत कलमं भरणाऱ्या एका गड्याला आप्पांनी गाठलं. गडी पक्का, हातात सफाई. सप्टेंबरात तो खोबऱ्यावर शिडी लावून चढला, हाताला आल्या त्या काड्या तोडून आणल्या आणि पिशवीतल्या रोपांवर भरल्या. जवळपास सगळ्या काळ्या पडल्या.

दोष हाताचा नव्हता, काडीचा होता. द्राक्षाची पक्व काडी म्हणजे अन्नाचा साठा. पेरा-पेरावर डोळा, एक गेला तर दुसरा फुटतो. आंब्याचं तसं नाही. त्यात भरवसा टोकाच्या डोळ्यावर, आणि तो डोळा फुगलेला पण न उमललेला असा बरोबर वेळेला सापडायला हवा. शिवाय चीक. द्राक्षाच्या कापातून पाणी येतं, आंब्याच्या कापातून चीक येतो आणि पात्यावर चढतो. दर दोन-तीन कलमांनंतर पातं पुसलं नाही तर काप गुळगुळीत बसत नाही.

पण मुख्य अडचण याहून मोठी. खोबऱ्यासारख्या थकलेल्या झाडावर कलमाजोगी काडीच नसते. आम्ही वर चढून पाहिलं तेव्हा शेंडे सगळे सुतळीसारखे बारीक, वर्षाला बोटभर वाढणारे. काहींच्या टोकाला मागच्या मोहोराचे वाळके दांडे तसेच होते, म्हणजे तिथला टोकाचा डोळा मोहोरातच खर्ची पडलेला. वरच्या तीन फांद्यांवर बांडगूळ. खोडाच्या दक्षिण अंगाला भोकं आणि त्याखाली भुसा, म्हणजे खोड पोखरणारा भिरूड आत. अशा झाडावरून पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार महिन्यांची, मोहोर न आलेली काडी शोधणं म्हणजे वेळ घालवणं. लोक जुन्या झाडांचं कलम लागत नाही म्हणतात तेव्हा बहुधा हेच झालेलं असतं. कलम करणारा शोधण्याआधी झाडाकडून काडी काढून घ्यावी लागते, आणि त्याला एक वर्ष द्यावं लागतं.

काडी काढून घ्यायची म्हणजे एखादी जाड फांदी छाटायची, मागच्या लाकडातून जोमदार फुटवा येऊ द्यायचा आणि तो विरळ करून वाढवायचा. इथे प्रकरणाला कलाटणी मिळाली. छाटायला कोणती फांदी घ्यायची यावर बांधावर उभं राहून बोलणं चाललं होतं. बांडगूळ नसलेली, मोहोराचे-पाल्याचे गुच्छ करणारा रोग नसलेली, चढायला सोपी अशी एकच ठळक फांदी होती, ती नेमकी तात्यांच्या बागेवर झुकलेली. आप्पा गप्प. तात्याच म्हणाले, “आप्पा, मी सहा वर्षं हेच सांगून राहिलो ना. हीच घ्या. झाड राहू द्या.”

“आन् पुन्हा फुटली म्हणजे?”

“फुटू द्या की. काड्या तुम्ही न्या, मला ऊन मिळालं म्हणजे झालं.”

छाटणी ऑक्टोबरात केली, तात्यांच्या बागेची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, चालू होती तेव्हाच. एवढी फांदी एका कापात पाडली तर खोडाची साल खालपर्यंत सोलून निघते, म्हणून आधी खालून अर्धा काप, मग थोडं पुढे वरून, फांदी पडल्यावर उरलेला खुंटारा तिरका कापून साफ. जखमेवर बोर्डो पेस्ट: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. द्राक्षवाल्यांच्या घरात यातलं काही बाहेरून आणावं लागत नाही. बांडगुळाच्या फांद्या त्याच वेळी काढल्या, बांडगूळ चिकटलेल्या जागेच्या हातभर खालून, कारण त्याची मुळं लाकडात आत गेलेली असतात. नुसता पाला ओरबाडून काही होत नाही. भिरूडासाठी भोकात तार घालून अळी ओढली, पेट्रोलात बुडवलेला कापूस कोंबला, वरून चिखल लिंपला. छाटलेल्या झाडावर भिरूड जास्त येतो, त्यामुळे आप्पांनी दर पंधरवड्याला खोडाभोवती भुसा दिसतो का ते बघायचं ठरलं.

मग वाट पाहणं. नाशिकची थंडी आंब्याला मानवत नाही. निफाडचा पारा उतरला की इकडेही सगळं ठप्प. डिसेंबर-जानेवारीत खुंटाऱ्यावर काहीच हललं नाही आणि आप्पांचा धीर सुटत चालला होता. फेब्रुवारीच्या शेवटाला सालीतून तांबूस कोंब फुटले, ते झुबक्यानं. त्यातले बाहेरच्या बाजूचे, अंतरावर असलेले तेवढे ठेवले, बाकी लहान असतानाच बोटानं मोडले. हे करताना घरातल्यांचा जीव खालीवर होतो, पण सगळे ठेवले तर पुन्हा सुतळीच.

इथे एक बारकावा. खोबऱ्या कोयीवरचं झाड आहे, स्वतःच्या मुळांवरचं, म्हणून फुटवा कुठूनही आला तरी वाण तोच. हेच झाड जुनं कलमी असतं तर जोडाखालचा फुटवा जंगली निघाला असता. असं असूनही बुंध्याजवळून आलेली फूट आम्ही घेतली नाही. झाडाचा खालचा भाग वयानं पोरसवदा राहतो. तिथल्या काडीचं कलम लागतं झकास, पण फळाला उशीर लावतं. वरच्या, फळ धरणाऱ्या लाकडातून आलेली काडी घेतली तर तीन-चार वर्षांत मोहोर दिसतो.

दरम्यान खुंटांची तयारी. त्यासाठी खोबऱ्याच्याच कोयी हव्यात असं नाही, गावातल्या रायवळ आंब्यांच्या चालतात, फक्त ताज्या. जूनमध्ये घरोघरी रसाच्या पंगती उठल्या की उकिरड्यावर पडायच्या आधी कोयी गोळा केल्या, पाण्यात टाकून तरंगलेल्या काढून टाकल्या, बुडालेल्या पिशव्यांत लावल्या. काही मोठी, वर्षभराची रोपंही वेगळी ठेवली होती.

जुलैत काड्या तयार झाल्या. बोटात धरल्यावर टणक, पण वाकवली तर वाकणाऱ्या. प्रत्येक काडीवरची पानं देठ ठेवून कात्रीनं कापली आणि काडी झाडावरच राहू दिली. आठ-दहा दिवसांनी नुसतं बोट लावलं की देठ गळून पडायला लागले आणि टोकाचा डोळा हरभऱ्याएवढा फुगला. ही खूण दिसली त्या सकाळी काड्या उतरवल्या, ओल्या फडक्यात आणि केळीच्या सोपात गुंडाळल्या आणि दुपारच्या आत भरायला घेतल्या. भरायला बसला तोच द्राक्षाचा गडी. या वेळी त्यानं पहिल्याच काडीला चिमटीत फिरवून पाहिलं आणि म्हणाला, “हां, हिच्यात जीव आहे.”

कोय कलमाची रीत कोकणातून आलेली, पण जुलै-ऑगस्टात पश्चिम नाशिकची हवा तशीच दमट असते. रोप पंधरा दिवसांचं, पानं अजून तांबडी. कोयीच्या वर चार-पाच सेंटिमीटरवर शेंडा उडवायचा, मधोमध चीर द्यायची, काडीला तेवढीच पाचर करायची. जाडी जुळली तर उत्तम. नाही जुळली तर निदान एका बाजूची साल सालीला भिडली पाहिजे. प्लास्टिकची पट्टी खालून वर गच्च, आणि काडीवर कुल्फीच्या लांबट पिशवीची टोपी. धोका पावसाचा. चिरेत पाण्याचा थेंब गेला की जोड कुजतो, म्हणून झड लागली की काम बंद, आणि भरलेली रोपं गोठ्याच्या पडवीत. दोन-तीन आठवड्यांत डोळे उमलायला लागले. सगळी लागली नाहीत, पण आधीच्या सप्टेंबराशी तुलनाच नको. कोयीजवळून खुंटाची फूट येत राहते ती खुडण्याचं काम आप्पांच्या नातीनं घेतलं. ते राहिलं तर जंगली फूट जोर धरते आणि कलम उपाशी मरतं.

विम्यादाखल भेट कलमही केलं. जुनी, कष्टाची पद्धत: वर्षभराचं रोप पिशवीसकट झाडाजवळ न्यायचं, दोघांची साल सोलून जिवंतपणीच जोड बांधायचा आणि दोन-तीन महिन्यांनी काडी टप्प्याटप्प्यानं आईपासून तोडायची. यात काडी मधल्या काळात उपाशी राहत नाही. पण फांदीच्या उंचीवर मचाण बांधून पिशव्या ठेवाव्या लागतात आणि रोज कोणीतरी चढून पाणी घालावं लागतं. मोजकीच केली, ती मात्र लागली. झाड अगदीच अखेरच्या घटका मोजत असेल आणि छाटून वर्षभर थांबायला उसंत नसेल तर मी हीच पद्धत आधी घेईन.

सगळ्यात कामाचं ठरलं ते विहिरीजवळचं आंबट झाड. आप्पांना ते तोडायचंच होतं. आम्ही ते कमरेएवढ्या उंचीवर कापलं, आलेली फूट विरळ केली आणि पुढच्या पावसाळ्यात तिच्यावर खोबऱ्याच्या काड्या भरल्या. तयार मुळं, जाड खोड, त्यामुळे वाढ झपाट्यानं झाली आणि तिसऱ्या हंगामात फळं दिसली. कलम खरं आहे की नाही हे ओळखायला पिशवीतल्या रोपांपेक्षा हा मार्ग लवकरचा. पहिलं फळ वहिनींनी विळीवर चिरलं. गर तसाच फिक्कट, फोड तशीच उभी. फळं मूळ झाडापेक्षा मोठी होती, जोमदार खुंटावर सुरुवातीला होतात, आणि वास किंचित कमी. त्या झाडाच्या आळ्यात विहिरीचं सांडपाणी सतत येतं. माझ्या मते वास त्यानंच पातळ झाला. वहिनींना ते पटलेलं नाही.

तयार कलमं एका ठिकाणी ठेवली नाहीत. दोन्ही भावांच्या रानात काही, कळवणला बहिणीच्या सासरी काही, पेठकडच्या एका आश्रमशाळेच्या आवारात काही. एका वणव्यात किंवा एका वाटणीत सगळं जाऊ नये एवढाच हिशेब. प्रत्येकाला ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्यानं कोरून नाव बांधलं. पेननं लिहिलेलं एका पावसाळ्यात धुऊन जातं आणि मग पाच वर्षांनी हे झाड कशाचं म्हणून वाद होतो.

वादावरून आठवलं. खोबऱ्या नावाचा आंबा आणखी दोन गावांत असल्याचं कळल्यावर आम्ही फळं मागवून पाहिली. एक लांबट आणि लवकरचा, एक रेषाळ. नाव एकच, झाडं निराळी. म्हणून आता नोंद करताना नावावर न थांबता फळाचं वजन, कोयीचा आकार, गराचा रंग, मोहोर आणि पाड कधी, हे तीन हंगाम लिहून काढतो आहोत. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्याला स्वतःचा पारंपरिक वाण नोंदवता येतो, शेतकऱ्याकडून त्याचं शुल्क घेत नाहीत, आणि झाडं-वेलींसाठी ते संरक्षण अठरा वर्षांपर्यंत मिळतं. वेगळेपण दाखवायला ही वहीच लागणार.

झाड अजून उभं आहे. भिरूड पूर्ण गेलेला नाही. बागेकडची फूट दर ऑक्टोबरात आवरली जाते, काड्यांसाठी लागते तेवढी ठेवून. नोंदणीचा अर्ज आणून ठेवलाय, पण भरलेला नाही. अर्जदार म्हणून नाव कोणाचं घालायचं, आप्पांचं की तात्यांचं, यावर दिवाळीपासून घरात बोलणी चालू आहेत. दोघांचं मिळून घालता येतं, हे सांगून झालंय. आता पहिलं कोणाचं, एवढंच अडलंय.